परवाचं माप

१

सोमवारी सकाळी पायवाले काकांनी कॉम्प्युटरवरचा आपला खण उघडला, तर तो रिकामा. त्यांनी खण बंद केला, चष्मा पुसला आणि पुन्हा उघडला. पुसलेल्या चष्म्यातून आलेली फाइल दिसते. न आलेली कुठून दिसणार?

समोरच्या बाकावर एक लहान मुलगी आईशेजारी बसली होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. डाव्या पायात कोरा करकरीत बूट होता आणि त्याचा जोडीदार तिने मांडीवर धरला होता.

"झाला का माझा पाय?" तिने विचारलं.

"होतोय," काका म्हणाले, आणि स्वतःच्याच खोटेपणाने त्यांचे कान तापले.

काका कृत्रिम पाय बनवत. त्यातला सगळ्यात नाजूक भाग म्हणजे वरची वाटी. उरलेला पाय तिच्यात बसतो, आणि ती केसभर चुकली तरी चालणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. तिचा आकार काढायला भलंमोठं गणित लागतं. काकांच्या म्हाताऱ्या मशीनच्या ते आवाक्याबाहेरचं होतं, म्हणून ते काम जाळ्यात टाकत.

जाळं म्हणजे गल्लीतल्या कार्यशाळांनी एकमेकांना जोडलेले कॉम्प्युटर. ज्याचं मशीन रिकामं, त्याने दुसऱ्याचं जड काम करून द्यायचं आणि गुण कमवायचे. आपली वेळ आली की तेच गुण मोडून दुसऱ्याकडून काम करून घ्यायचं. या जाळ्याला मालक नव्हता, दलाल नव्हता, मुख्य कचेरी तर नव्हतीच. काम कुणाला, हे लिलावाने ठरे. काम देणारा पुकारा करी, घेणारे आपला भाव बंद लखोट्यात घालत. लखोटा अर्थात मशीनमधलाच, पण कुलूप असं की वेळ संपेपर्यंत कुणालाही आत डोकावता येऊ नये. वेळ संपली की सगळे लखोटे एकदम उघडत. सगळ्यात कमी भाव ज्याचा, काम त्याचं. मात्र त्याला गुण मिळत ते त्याने मागितलेले नव्हे, तर त्याच्या लगेच वरचा जो भाव असेल तेवढे.

हे असं उलटं का? तर प्रत्येकाने आपला खरा खर्च सांगावा म्हणून. शेजाऱ्याचा भाव हुंगत फिरण्यात फायदाच ठेवायचा नाही, अशी ती युक्ती होती. निम्म्या गल्लीला ती समजली होती, आणि उरलेल्या निम्म्या गल्लीने समजल्यासारखी मान हलवली होती.

मुलीच्या वाटीचं काम गुरुवारच्या लिलावात 'पाहुणा' नावाच्या नव्या सभासदाने घेतलं होतं. रविवारपर्यंत आकार यायला हवा होता. आकार आला नव्हता, आणि आता काकांनी शोधलं तर पाहुणा हे नावच जाळ्यातून पुसलेलं. खरं नाव न सांगता जाळ्यात यायची मुभा होती, पण त्यासाठी एका जुन्या सभासदाचा जामीन लागे. पाहुणा पळाला तरी जामिनाची नोंद कुठे पळणार? काकांनी ती काढली, वाचली आणि मटकन खुर्चीत बसले.

जामीन दिला होता चित्रवालीने.

२

जाळ्याला मालक नसला तरी भांडणं होतीच, म्हणून एक पंच नेमला होता. पंचबाई. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी परीक्षेच्या वर्गांत पहारा देण्यात घालवली होती. त्यांची चप्पल वाजत नसे. त्यांच्याकडे फोनखेरीज कसलं मशीन नव्हतं, त्यामुळे कुणाच्या बाजूने झुकायचा प्रश्न नव्हता.

"नियम तुम्हाला माहीत आहे बाई," काका फोनवर म्हणाले. "काम घेऊन पळालेल्याचा जामीनदार जाळ्याबाहेर. संध्याकाळी सभा बोलावलीय. माझा जीव होत नाही, पण त्या पोरीला मी काय सांगू?"

"संध्याकाळपर्यंत काही सांगू नका," पंचबाई म्हणाल्या आणि चप्पल घालून निघाल्या.

चित्रवाली चित्रपट बनवायची, हलत्या चित्रांचे. तिची खोली लांबट होती. एका टोकाला दोन मशीन, दुसऱ्या टोकाला मोठी खिडकी आणि तिच्यापाशी टेबल. ती एका म्हाताऱ्या कासवाचा डोळा रंगवत होती.

"पाहुण्याला जामीन तू दिलास?"

"नाही."

"होकार तुझ्या खात्यातून गेलाय."

"बघितलं मी. तरी नाही."

पंचबाईंना हे उत्तर आवडलं. कॉपी केलेली पोरं दहा कारणं सांगतात, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं.

"बाई, या कासवावर दोन वर्षं घालवलीत मी," चित्रवाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण पेनावरची पकड घट्ट झाली. "शेवटचा प्रसंग तेवढा राहिलाय. जाळ्यातून काढलं तर या दोन मशीनांवर तो व्हायला जन्म जाईल. घरात मिळवती मी एकटी. मला बाहेर काढायचं तर काढा, पण जे मी केलंच नाही त्यासाठी मी मान खाली घालणार नाही."

"मान वरच ठेव, मला तोंड दिसायला बरं. गुरुवारी सकाळी इथे कोण कोण आलं?"

"नेहमीचेच. तारवाला पंखा दुरुस्त करायला आला होता. नकाशेवाले केबल परत द्यायला आले, ती मी आतल्या कपाटात ठेवून आले. आणि छापखान्याचे जावईबापू पोस्टरचा नमुना घेऊन. तो मी खिडकीशी नेऊन पाहते, रंग उजेडातच कळतात."

"म्हणजे तिघांच्याही वेळी तुझी मशीनकडे पाठ."

"हो."

"आणि मशीनवर काय होतं?"

चित्रवाली थबकली. "काकांच्या कामाचा माझा भाव. लिहून झाला होता. लखोटा बंद करायचा तेवढा राहिला होता."

३

जाळ्याची कुलपं ज्याने बसवली तो तारवाला टेबलाखाली पालथा पडून बोलला. तो माणसांशी शक्यतो असाच बोले.

"माझं कुलूप कुणीही फोडलेलं नाही. बंद झालेला लखोटा मलासुद्धा दिसत नाही. हवं तर मला बाहेर काढा, पण कुलपाला नावं ठेवू नका."

"कुलपाला कोण काय म्हणतंय? आता उघडलेत ना लखोटे? दाखव."

तो धूळ झटकत बाहेर आला. तीनच लखोटे होते. नकाशेवाल्याने साठ गुण मागितले होते आणि लिहिलं होतं, 'लगेच सुरू करतो.' चित्रवालीने चाळीस मागून लिहिलं होतं, 'शनिवारी माप हाती आलं की सुरू.' पाहुण्याने मागितले होते एकोणचाळीस. आणि पुढे? 'शनिवारी माप हाती आलं की सुरू.'

"शनिवार कुठून आला?" पंचबाईंनी विचारलं.

तारवाल्याने काकांचा पुकारा दाखवला. त्यात शेवटी एक ओळ होती: माप परवाचं धरावं.

"पुकारा गुरुवारचा," तो म्हणाला. "काकांच्या मनात मंगळवार. त्यांनी मंगळवारीच माप घेऊन पुकाऱ्याला जोडलं होतं. पण सूज उतरली की ते कधीकधी दुसरं माप घेतात. चित्रवालीला वाटलं, शनिवारी नवं माप येणार. परवा हा शब्दच दोन तोंडांचा, बाई. गेलेलाही परवा आणि येणाराही परवा."

"आणि पाहुण्यालाही नेमकं तेच वाटलं."

"तसं दिसतंय खरं."

"हा एकोणचाळीसचा काय प्रकार? चाळीसला एकच कमी."

"खुळेपणा," तारवाला पुन्हा टेबलाखाली शिरला. "एकोणचाळीस टाका नाहीतर एक टाका, मिळणार वरच्या लखोट्याचे चाळीसच. इतकं साधं आहे, पण लोक समजून घेतील तर शपथ."

पंचबाई तिथून नकाशेवाल्याकडे गेल्या. त्याच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या होत्या. चित्रवालीशी त्याचं कामावरून नेहमी वाजायचं.

"मी आधी काकांना फोन केला," तो म्हणाला. "विचारलं, कुठलं परवा? ते म्हणाले, मंगळवार. विचारायला पैसे पडत नाहीत. मग माझा खरा खर्च लिहिला. इथे चढाओढ करून मिळतं काय?"

"तिचं आणि पाहुण्याचं उत्तर सारखंच चुकलंय."

"मीही वाचलं ते. तुम्ही तर परीक्षावाल्या. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"बरोबर उत्तरं कुणाचीही जुळतात," पंचबाई सावकाश म्हणाल्या. "चुकलेलं उत्तर शब्दन् शब्द जुळलं, तर एकाने दुसऱ्याचं पाहिलेलं असतं."

"किंवा," नकाशेवाल्याने एक पेन्सिल सरळ केली, "दोन्ही पेपर एकाच हातचे असतात. जामीन तिचा, शब्द तिचे, चूक तिची. पाहुणा तीच आहे, बाई. मी सभेत हेच सांगणार."

ज्या पुराव्याने चित्रवाली सुटेल असं पंचबाईंना वाटत होतं, त्यानेच तिचा गळा आवळला जात होता.

४

उरला छापखाना. तो होता म्हाताऱ्या मालकांचा. त्यांची एकुलती एक मुलगी. तिचा नवरा लग्नानंतर इथेच राहायला आला आणि गल्लीने त्याचं नाव विचारायचे कष्टही घेतले नाहीत. तो झाला जावईबापू. छापखान्यासमोर रस्त्यापलीकडे दुसरा छापखाना होता, म्हणून जावयाने दारावर मोठ्या लाल अक्षरांची पाटी लावली होती: 'समोर जो दर असेल त्यापेक्षा एक कमी!'

पंचबाई ती पाटी वाचत पायरीवर उभ्या राहिल्या. लोकांना वाटलं, बाईंना दम लागला.

"या, या," मालक म्हणाले. "अहो पाहुणे, बाईंना खुर्ची द्या! आणि पाणी आणा. पाहुणे, ऐकू येतं का?"

जावई खुर्ची घेऊन आला, मागून पाणीही. हसरा, चटपटीत माणूस. शाईचे डाग फक्त उजव्या बाहीवर.

"तुम्ही लखोटे टाकता का हो जाळ्यात?" पंचबाईंनी विचारलं.

मालकच बोलले, "सभासद मी आहे. काम करून घेतो, करून देत नाही. माझं मशीन परक्याच्या कामाला राबवायचं नाही, हे मी पाहुण्यांना पहिल्या दिवशीच सांगितलंय. मशीन माझं, वीज माझी."

"मी त्या भानगडीत नाही," जावई हसून म्हणाला. "आम्ही आपले हुकमाचे ताबेदार."

हसू तोंडावर होतं, पण पाण्याचा पेला परत घेताना त्याने पंचबाईंच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. पंचबाईंनी पाणी पिऊन निरोप घेतला. आता त्यांना चोर ठाऊक होता. पुरावा मात्र एका पाटीचा आणि एका हाकेचा, आणि तेवढ्यावर कुणी दोषी ठरत नाही. शिवाय चोराच्या तोंडून निघाल्याशिवाय चित्रवालीचा होकार कुणी दाबला हे कधीच सिद्ध होणार नव्हतं. परीक्षेच्या वर्गात त्या अशा वेळी काय करत, हे त्यांनी चालता चालता आठवलं.

५

सभा काकांच्या कार्यशाळेत भरली. भिंतीवर वेगवेगळ्या मापांचे पाय टांगले होते आणि त्यांच्याखाली गल्ली दाटीवाटीने बसली होती. छापखान्याचे मालक पुढे, जावई दाराशी उभा. ती मुलगीही आईबरोबर आली होती, बूट घेऊन.

नकाशेवाल्याने आपलं म्हणणं मांडलं, आणि ते इतकं मुद्देसूद होतं की माना डोलू लागल्या. चित्रवाली ताठ बसून होती.

"आता माझं ऐका," पंचबाई उभ्या राहिल्या. "पाहुण्याचा लखोटाच नसता, तर काम कुणाचं होतं?"

"हिचं. चाळीस," नकाशेवाला म्हणाला.

"आणि हिला मिळाले असते किती?"

"वरच्या लखोट्याचे. माझे साठ." नकाशेवाल्याच्या कपाळावर आठी पडली.

"पाहुणा मध्ये आल्यावर?"

"पाहुण्याला... हिचे चाळीस."

"म्हणजे हीच पाहुणा असेल, तर साठ मिळत असताना हिने मुद्दाम दुसरं नाव घेऊन ते चाळीसवर आणले! आपल्याच पायावर धोंडा मारायला कुणी एवढा खटाटोप करतं का?"

नकाशेवाला भांडखोर असला तरी गणिताशी प्रामाणिक होता. "नाही," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"तेव्हा ही कॉपीच. हिची पाठ वळली असताना कुणीतरी हिचा भाव वाचला, हिच्याच मशीनवरून जामिनाचा होकार दाबला, आणि एक कमी करून स्वतःचा लखोटा टाकला. आता तारवाला आणि नकाशेवाले दोघांनाही पक्कं ठाऊक आहे की इथे एक कमी करून काडीचा फायदा नाही. एक कमी करतो कोण? ज्याला हा लिलाव समोरासमोरच्या दुकानांसारखा वाटतो तो."

दोन-तीन डोकी दाराकडे वळली. जावयाचं हसू जागेवरच होतं. "काय बाई, आमच्या पाटीवर डोळा का? एक कमी तर सगळेच करतात!"

"करतात ना. मी कुठे नाव घेतलं?" पंचबाई शांतपणे म्हणाल्या आणि मुलीच्या बाकापाशी गेल्या. "भाव चोरला, होकार चोरला, हे एक वेळ समजू शकते. पण या पाहुण्याने पुढे काय केलं? या पोरीचं काम घेतलं आणि जाणूनबुजून बुडवलं. माप समोर होतं, मशीन रिकामं होतं, तरी मुद्दाम हात लावला नाही. एका लेकराचा पाय अडवून घरात मजेत बसला. असल्या काळजाच्या माणसाला—"

"मुद्दाम नाही!" दारातून आवाज फुटला. "शनिवारची अख्खी दुपार मशीनसमोर बसून होतो मी! माप आलंच नाही! मी काय..."

सगळी सभा जावयाकडे वळली.

पंचबाई जन्मभरात एक गोष्ट पक्की शिकल्या होत्या: कॉपी करणारा कॉपीचा आरोप गुपचूप गिळतो, पण न केलेलं पाप त्याच्या माथी मारलं की त्याला राहवत नाही.

"माप मंगळवारीच घेतलं होतं," त्या म्हणाल्या. आवाज आता मऊ होता. "चित्रवालीने परवा म्हणजे शनिवार धरला आणि तुम्ही तिचा शनिवार उचललात. नकलेलाही अक्कल लागते, जावईबापू. पुकारा स्वतः वाचला असतात तर शेजारी जोडलेलं माप दिसलं असतं."

"पाहुणे!" मालक उठून उभे राहिले. "तुम्ही? माझ्या मशीनवर?"

"हो, मामा. तुमच्या मशीनवर. दुपारी तुम्ही झोपल्यावर." जावई खाली बघत बोलत होता, पण आता थांबत नव्हता. "तुमचं मशीन, तुमची वीज, तुमचं घर. माझं असं काय आहे? गल्लीत माझं नावही कुणाला माहीत नाही. वाटलं, चार गुण स्वतःच्या कष्टाने मिळवावेत. तुम्ही हाक मारता तेच नाव घेतलं. मग काम फसलं, भीती वाटली, नाव पुसून टाकलं. जामीन हिच्या गळ्याशी येईल हे..." त्याने चित्रवालीकडे पाहिलं. "हे मला आज सकाळीच कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. ते मात्र मुद्दाम केलं."

चित्रवालीला काढायच्या बाजूने हात वर करा, असं काकांनी रीतीप्रमाणे विचारलं. एकही हात वर झाला नाही. जावयाला काढायच्या वेळी सगळे झाले, म्हाताऱ्या मालकांचाही. तो निघाला.

"थांबा," चित्रवाली म्हणाली. सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती. "आधी तिचा पाय. माप तुम्हाला माहीत आहे कुठे आहे ते. गुण एकही मिळणार नाही."

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. मालकांनी बराच वेळ भिंतीवर टांगलेले पाय न्याहाळले.

"बघताय काय, पाहुणे," शेवटी ते म्हणाले. "जा, मशीन चालू करा."

६

बुधवारी मुलगी दोन्ही बूट घालून कार्यशाळेच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली, आणि काकांना चष्मा पुन्हा पुसावा लागला. त्यांच्या दारावर आता सूचना होती: 'पुकाऱ्यात वार लिहिला जाईल. परवा लिहिलेलं आढळल्यास मला ओरडावे.'

त्याच दुपारी पंचबाई जावयाला घेऊन चित्रवालीकडे आल्या. काढलेल्या माणसाला परत येता येई, पण खऱ्या नावाने, आणि ज्याचं वाईट केलं त्याच्याच जामिनावर. मालकांनी वापरून जुनं झालेलं एक मशीन त्याला देऊन टाकलं होतं. अर्जावर त्याने आपलं नाव लिहिलं होतं. पंचबाईंनी ते मोठ्याने वाचलं. चित्रवालीच्या शेजारी तो इतकी वर्षं राहत होता आणि तिने ते पहिल्यांदाच ऐकलं.

"चांगलं आहे नाव," ती म्हणाली. "पण घाई कसली? माझा राग अजून गेलेला नाही."

"कळतं मला," जावई म्हणाला. "होकाराचं कधी विचारायला येऊ?"

चित्रवाली कासवाच्या डोळ्यावरून नजर न काढता म्हणाली, "परवा."

तो मान हलवून निघाला. दारापर्यंत गेला, घुटमळला आणि परत आला.

"परवा म्हणजे," त्याने चाचरत विचारलं, "शुक्रवारी ना?"

पंचबाईंना हसू आवरेना. चित्रवालीने पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"विचारलंत ना," ती म्हणाली, "मग शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं?"

तिने खुर्ची मशीनकडे फिरवली, अर्ज उघडला, नाव एकदा वाचलं, आणि या वेळी होकार स्वतःच्या हाताने दाबला.